मात्सुएचा काळा किल्ला, शिन्जी सरोवर आणि सामुराई तलवारी: वाट वाकडी करण्याइतकं आहे का?

सावनी_पुणे

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत जपानचं ठरलंय. दादा-वहिनी ओसाकात असतात, त्यामुळे मुक्काम तिथेच. क्योतो, नारा, हिमेजी ही नेहमीची यादी झाली. घोडं अडलंय ते आमच्या चिरंजीवांपाशी. आठवीत आहे आणि कताना म्हणजे सामुराई तलवारीशिवाय डोक्यात दुसरं काही नाही. (कार्टून बघून लागलेलं वेड आहे, पण त्या निमित्ताने जाड पुस्तकं वाचतोय म्हणून मी गप्प.) त्याने शोधून मात्सुए काढलंय. शिमाने प्रांतातला किल्ला, शेजारी शिन्जी सरोवर, आणि त्याच्या म्हणण्यानुसार 'तलवारीचं पोलाद तिथूनच येतं'.

दादाचं म्हणणं, एवढं लांब कशाला जायचं? बिवा सरोवराकाठी हिकोने आहे, सकाळी निघून संध्याकाळी घरी. तोही राष्ट्रीय ठेवा, तोही सरोवराकाठी, वर ई घराण्याची लाल चिलखतं बघायला मिळतील.

दोन्हीकडे जाणं जमणार नाही. कुणी पाहिलंय का मात्सुए? तलवारींच्या दृष्टीने तिथे खरंच काही आहे, की काचेच्या कपाटात दोन पाती बघून परत यायचं?

---

हौशी_दगडू

मुलगा म्हणतो तसं करा. आठवीत मला तबल्याचं वेड होतं, वडील 'बघू' म्हणाले. आता मी जीएसटी भरतो. (दिवे घ्या)

---

योकोहामाकाकू

मात्सुए. दुसरा विचार करू नकोस, सावनी.

हिकोनेला मी नावं ठेवत नाही, देखणाच आहे. पण मात्सुएचा किल्ला अंगावर येतो. हिमेजी पांढरा, नटलेला. हा काळ्या फळ्यांनी मढवलेला, बुडाला रुंद, लढाईसाठीच बांधलेला. बाहेरून चार मजली दिसतो, आत पाच मजले आणि खाली तळघर. तळघरात शिरलं की समोर विहीर! अख्खा किल्ला पडला तरी मुख्य मनोऱ्यात कोंडून घेऊन लढायचं, पाणी आतच, अशी तयारी. वर गेलं की दगड टाकायच्या फटी दिसतात, बाहेरून छपराच्या आडोशाला लपवलेल्या. जिने किरीच्या लाकडाचे आहेत. हलकं लाकूड, लवकर कुजत नाही, पटकन पेट घेत नाही, आणि शत्रू आत घुसला तर जिनाच वर ओढून घेता येतो.

खांब नीट बघायला सांग मुलाला. बऱ्याच खांबांना चारही बाजूंनी फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळलंय. तळापासून माथ्यापर्यंत सलग जातील एवढी लाकडं वापरलेली नाहीत. दोन-दोन मजल्यांचे खांब आलटून पालटून उभे केलेत आणि भार जागा बदलत खाली उतरवलाय.

बूट दाराशीच काढावे लागतात आणि फेब्रुवारीत त्या लाकडी जमिनीवर तळपाय कळा मारतात, तेव्हा जाड मोजे हवेतच. जिने उभे आहेत. बरोबर ज्येष्ठ कुणी असतील तर त्यांना खाली बसवा, वर ओढत नेऊ नका. सगळ्यात वरच्या मजल्यावर चारही बाजू मोकळ्या आहेत, तिथून सरोवर दिसतं.

तलवारींचं म्हणशील तर मनोऱ्यात चिलखतं, शिरस्त्राणं मांडलेली आहेत, काही शस्त्रंही आहेत. पण निव्वळ तलवारींसाठी त्या मनोऱ्यात कुणी जात नाही. तलवारीची खरी गोष्ट किल्ल्याच्या पाठीमागच्या डोंगरात आहे. त्यावर इथे माझ्यापेक्षा जाणकार माणसं आहेत. भट्टीवाले, ऐकताय ना?

---

तर्कट

एक शंका. याला 'सरोवराकाठचा किल्ला' का म्हणायचं? नकाशा बघा. मनोऱ्यापासून शिन्जीचा काठ वीस-पंचवीस मिनिटं चालत. जपानी लोक 'तीन मोठे सरोवर-किल्ले' म्हणून झेझे, ताकाशिमा आणि मात्सुए अशी नावं घेतात. झेझेचं आता उद्यान झालंय. सुवा सरोवराकाठच्या ताकाशिमाचा आजचा मनोरा १९७० मधला आहे. त्यामुळे जुना मनोरा उरलेला हा एकटाच, म्हणून याची चंगळ.

---

योकोहामाकाकू

तर्कट, नकाशा आजचा बघताय तुम्ही. किल्ला उभा राहिला तेव्हा मधला बराचसा भाग दलदल होता. टेकडी निवडली, खंदक खणले, निघालेली माती दलदलीत भरली आणि तिथे गाव वसवलं. ते खंदक अजून वाहते आहेत, सरोवराला आणि ओहाशी नदीला जोडलेले. त्यात होडीने फिरवतात. काही पूल एवढे ठेंगणे आहेत की होडीचं छप्परच खाली येतं आणि सगळ्यांना गुडघ्यात डोकं घालून बसावं लागतं! हिवाळ्यात होडीत कोतात्सू असतो, म्हणजे पांघरूण घातलेलं बुटकं टेबल आणि आत शेगडीची ऊब. पाय आत घालून बसायचं आणि काळा किल्ला पाण्यातून बघायचा.

---

हौशी_दगडू

पांघरुणात बसून गडभ्रमंती. सह्यभटक्या, वाचतोयस ना? आपण उगीच राजगडाच्या बालेकिल्ल्यावर ढोपरं फोडली.

---

सह्यभटक्या

वाचतोय, जळतोय. ☺

मी मात्सुएला गेलोय, ऑफिसच्या कामाला जोडून. बांधकामाचं काकूंनी सांगितलंच, मला भावली ती वाचण्याची कथा.

होरिओ योशिहारु हा जपान एकत्र आणणाऱ्या हिदेयोशीच्या हाताखाली वर आलेला सरदार. सेकिगाहाराच्या लढाईनंतर होरिओंना इझुमो (मात्सुए यातच येतं) आणि ओकी हे प्रांत मिळाले. आधीची राजधानी होती गास्सान-तोदा, आमागो घराण्याचा दुर्गम डोंगरी किल्ला. लढायला उत्तम, पण बाजारपेठ वसवायला आणि मालाची ने-आण करायला गैरसोयीचा. म्हणून सरोवरालगत, पाण्याच्या वाटेवर नवी जागा. मुलगा तादाउजी १६०४ मध्ये वारला, बापाने १६०७ ला काम सुरू करून १६११ पर्यंत मनोरा उभा केला आणि त्याच वर्षी तोही गेला. १६३३ मध्ये होरिओ वंश वारसाअभावी खुंटला. मग थोडी वर्षं क्योगोकू आणि १६३८ पासून मेइजी काळापर्यंत, म्हणजे सामुराई राजवट संपेपर्यंत, मात्सुदाइरा. त्यातला पहिला नाओमासा हा तोकुगावा इएयासूचा नातू.

आता खरी गंमत. मेइजी सरकारने किल्ले मोडीत काढले. १८७५ मध्ये मात्सुएच्या इमारती लिलावात गेल्या, बाकीचं सगळं पाडलं. मनोऱ्याची किंमत ठरली १८० येन. लाकूड आणि लोखंड काढून घ्यायचं, एवढाच त्याचा उपयोग. तेव्हा कात्सुबे मोतोएमोन नावाचा सधन शेतकरी आणि ताकागी गोनपाची हा संस्थानचा जुना नोकर, या दोघांनी खटपट करून तेवढी रक्कम भरली आणि मनोरा वाचवला. आज जपानात जुने मूळ मनोरे बाराच उरलेत, त्यातला हा एक.

पुढे राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळेना, कारण बांधकामाच्या वर्षाचा पक्का पुरावा हातात नव्हता. २०१२ मध्ये किल्ल्याच्या आवारातल्या देवळात दोन जुन्या लाकडी प्रार्थनापट्ट्या मिळाल्या, त्यावर केइचो १६ म्हणजे १६११ चा काळ. पण या पट्ट्या मनोऱ्याच्याच कशावरून? तर त्यांची खिळ्यांची भोकं तळघरातल्या खांबांवरच्या भोकांशी तंतोतंत जुळवली! २०१५ मध्ये दर्जा मिळाला. हिमेजी, मात्सुमोतो, इनुयामा, हिकोने आणि पाचवा मात्सुए. खांबावरची खिळ्याची भोकं सहसा कुणी बघत नाही, सावनीताई, तुम्ही बघा.

आपल्याकडे २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंदच आहे, पण त्या यादीबाहेरच्या गडांसाठी कुणी कात्सुबे, कुणी ताकागी उभा राहतो का, ते बघायचं.

---

इतिहासवेडी

+१. नाओमासाबद्दल थोडं. ओसाकाच्या वेढ्यात हा चौदाएक वर्षांचा पोरगा असा भिडला की शत्रूपक्षाच्या सानादा युकिमुराने खूश होऊन आपला पंखा त्याच्याकडे फेकला, अशी आख्यायिका आहे. प्रांताच्या कचेरीसमोर त्याचा अश्वारूढ पुतळा आहे.

आणि तलवारीचा धागा इथेच लागतो. जपानच्या पाच सर्वश्रेष्ठ तलवारींत गणली जाणारी दोजिगिरी यासुत्सुना नाओमासाच्या थोरल्या भावाकडे, तादानाओकडे होती. पुढे ती त्सुयामाच्या मात्सुदाइरांकडे राहिली, आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती घडवणारा यासुत्सुना होकी प्रांतातला, म्हणजे इझुमोच्या अगदी शेजारचा. डोंगर तेच, लोखंड तेच.

---

भट्टीवाला_कोल्हापूर

काकूंनी हाक मारली म्हणून आलो. शिरोलीत ओतकामाचा कारखाना आहे आमचा, त्यामुळं हा विषय निघाला की मला आवरत नाही. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

पोराला सांगा, त्याचं बरोबर आहे. आज जपानात परवानाधारक कारागीर तलवार घडवतात, त्यांना लागणारं तामाहागाने नावाचं पोलाद प्रामुख्यानं मात्सुएच्या दक्षिणेला डोंगरात, ओकुइझुमोत तयार होतं. पद्धत तातारा. युद्धानंतर ही भट्टी बंद पडली होती. १९७७ मध्ये तलवारींच्या जतनाचं काम करणाऱ्या संस्थेनं ती पुन्हा पेटवली. फक्त हिवाळ्यात चालते.

भट्टी म्हणजे मातीची लांबट पेटी, फार तर कमरेच्या वर. खरं बांधकाम जमिनीखाली. कित्येक फूट खोल खणून दगड, कोळसा, माती यांचे थर, कारण ओल वर आली की भट्टी मेली. एका वेळेला अंदाजे दहा टन लोहवाळू आणि बारा टन लाकडी कोळसा. तीन दिवस, तीन रात्री. दर अर्ध्या तासाला थोडी वाळू, थोडा कोळसा. मुख्य कारागिराला मुरागे म्हणतात. तो ज्वाळेचा रंग बघतो, बुडाच्या भोकांतून आत डोकावतो आणि वाळू कुठं, किती टाकायची ते ठरवतो.

आता बघा मजा. वाळू टाकत गेलं की भट्टीची भिंतच आतून झिजत जाते. मातीतली सिलिका लोखंडातल्या कचऱ्याशी मिळून स्लॅग होते आणि वितळून बाहेर पडते. म्हणजे भिंत नुसतं भांडं नाही, तीच औषध. भिंत झिजून पातळ झाली की थांबायचं. चौथ्या दिवशी पहाटे भट्टी फोडून टाकतात, आत लालभडक धातूची शिळा, तिला केरा म्हणतात. वजन अडीच टनांच्या आसपास. ती फोडून, निवडून तलवारीच्या लायकीचं तामाहागाने निघतं टनभरसुद्धा नाही. पुढच्या वेळी नवी भट्टी. आमच्याकडं भट्टीचं अस्तर वेळेआधी गेलं तर दिवसभर शिव्या, आणि हे लोक अस्तर खाऊ घालूनच पोलाद काढतात!

पण मला खरं वेड लावलं ते नदीनं. लोहवाळू मिळवायला डोंगर फोडायचे, माती पाटात सोडायची, हलकी माती वाहून जाते, जड लोहवाळू खाली बसते. शेकडो वर्षं हे चाललं. ती सगळी गाळमाती गेली कुठं? हिई नदीत. नदीचं पात्र आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच झालं. ही नदी आधी पश्चिमेला समुद्राकडं जायची, १६३० च्या दशकातल्या पुरांनंतर पूर्वेला वळली आणि शिन्जी सरोवरात पडायला लागली. सरोवराच्या पश्चिमेचं भाताचं सपाट मैदान पसरलं ते बरंचसं याच गाळानं. फोडलेल्या डोंगरांच्या पायऱ्यांवर भातशेती केली, तिथला नीता तांदूळ आज नावाजलेला आहे.

त्यामुळं मनोऱ्यावरून सरोवर बघाल तेव्हा पोराला पश्चिमेचा काठ दाखवा. तलवारीच्या धंद्याचा उकिरडा आहे तो, आणि आज तिथं भात पिकतो.

---

हौशी_दगडू

चहा गार झाला पण वाचून संपवलं. एक लंबर, भट्टीवाले.

---

इतिहासवेडी

आणि याच हिई नदीवर यामाता नो ओरोचीची कथा घडते. आठ डोक्यांचा सर्प दरवर्षी एक मुलगी खातो, सुसानोओ देव आठ पिंप दारू पाजून त्याला मारतो, आणि शेपटी कापताना आतून तलवार निघते. तीच कुसानागी, राजघराण्याच्या तीन पवित्र वस्तूंतली एक. अनेक अभ्यासक सर्प म्हणजे पूर येणारी नदी आणि पोटातली तलवार म्हणजे डोंगरातलं लोखंड असा अर्थ लावतात. भट्टीवाल्यांनी सांगितलेलं वाचल्यावर तो अर्थ ओढूनताणून वाटत नाही.

---

तर्कट

सगळं छान. पण कतानाचा हा उदोउदो जरा जास्तच होतो. घडी घालून घालून 'हजार वेळा' दुमडलेलं पोलाद, रेशमी रुमाल कापणारं पातं वगैरे. आपल्या दख्खनचं मुशीतलं पोलाद जगभर जात होतं, दमास्कसची पाती त्यावर घडली. हे पोलाद बनवणारं तेलंगणातलं कोनासमुद्रम किती मराठी माणसांना माहीत आहे? तिथे कुणी होडीत बसवून फिरवत नाही.

---

भट्टीवाला_कोल्हापूर

तर्कटराव, हजार वेळा कुणीच दुमडत नाही. दहा-पंधरा वेळा. पंधरा घड्या झाल्या की ३२,७६८ थर होतात, तिथून 'हजारो'ची दंतकथा आली. घडी घालायची ती हौस म्हणून नाही. ताताराचं लोखंड पूर्ण वितळत नाही, त्यामुळं एका तुकड्यात कार्बन जास्त, दुसऱ्यात कमी, मधे स्लॅगचे कण. ठोकून, दुमडून ते सारखं करावं लागतं. आपलं मुशीतलं पोलाद बंद मुशीत वितळायचं, त्यात कचरा वेगळा होऊन जायचा. त्या पोलादाची नक्षी थंड होतानाच्या कार्बाइडची, यांची नक्षी घड्यांची आणि पाणी देण्याची. दोन वेगळे रस्ते आहेत, कुस्ती कशाला लावता?

कतानात मला सगळ्यात भारी वाटतं ते पाणी देणं. पात्यावर मातीचा लेप, पाठीला जाड, धारेला पातळ. तापवून पाण्यात घातलं की धार झटक्यात गार होऊन कडक होते, पाठ सावकाश गार होऊन चिवट राहते. कडक झालेली धार फुगते, म्हणून पातं पाठीकडं वाकतं. तो डौलदार बाक बऱ्याच अंशी पाण्यातच येतो. थोडं सरळ पातं पाण्यात जातं आणि वाकून बाहेर येतं! कधी कधी 'टिक' असा आवाज येतो, धारेला तडा. महिन्याभराची मेहनत गेली.

आणि कोनासमुद्रमबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

---

इतिहासवेडी

पोलाद आपलं असूनही मराठ्यांच्या हातात फिरंगी पाती भरपूर होती, हे विसरू नका. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून घेतलेली रघुजी भोसल्यांची तलवार त्यातलीच. पातं युरोपीय, मूठ इथली, पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरं.

जपानातही असंच एक झालं. ओकायामाजवळ सेतोउची नावाचं छोटं शहर, बिझेन तलवारींचं माहेर. तिथल्या नगरपालिकेने लोकवर्गणीतून ५० कोटी येन उभे करून २०२० मध्ये उएसुगी घराण्याची सान्चोमो तलवार विकत घेतली.

---

तर्कट

हे माहीत नव्हतं. नगरपालिका आणि तलवार! आमच्याकडे खड्ड्याची निविदा निघत नाही.

---

भट्टीवाला_कोल्हापूर

अजून एक, 'सामुराई वारसा' म्हणून सगळं तलवारीच्या खाती घालू नका. मात्सुदाइरांच्या काळात लढाया संपल्या होत्या. इझुमोचं लोखंड जहाजांतून देशभर जायचं ते खिळे, कुदळी, कढया, कुऱ्हाडी व्हायला. संस्थाननं १७२६ मध्ये भट्ट्यांवर नियंत्रण आणून मोजक्या घराण्यांनाच परवाने दिले, तानाबे, साकुराई, इतोहारा वगैरे. संस्थानची तिजोरी त्यावर सावरली. यातल्या तानाबेंची सुगाया इथली भट्टीची इमारत अजून उभी आहे, १९२१ पर्यंत चालू होती. दारात कात्सुराचं झाड आहे. वसंतात पालवी फुटताना काही दिवस अख्खं झाड लाल दिसतं. लोहाराची देवी कानायागो कात्सुरावर उतरली अशी श्रद्धा, म्हणून ते लावतात.

---

खादाडखाऊ

आणि सावरलेल्या तिजोरीतून काय आलं? मिठाई! सातवा मात्सुदाइरा, फुमाई, हा चहाचा मोठा दर्दी. त्याच्यामुळे क्योतो, कानाझावा आणि मात्सुए ही मिठाईची तीन गावं. 'वाकाकुसा' नावाची हिरवीगार मिठाई आणि 'यामाकावा' नावाची तांबड्या-पांढऱ्या रंगांची कोरडी वडी घ्याच. किल्ल्याजवळ टेकाडावर मेइमेइ-आन नावाची त्याची चहाची झोपडी आहे. तिच्याजवळ बसून माच्चा नावाचा हिरवा चहा पीत किल्ला बघता येतो.

सरोवराचं पाणी मचूळ, अर्ध गोडं अर्ध खारं. त्यामुळे शिजिमी नावाच्या छोट्या काळ्या शिंपल्या मिळतात. कोकणातल्या तिसऱ्या जवळजवळ नखाएवढ्या करून टाकल्या तर तशा. पहाटे होड्या सरोवरात उभ्या असतात आणि लांब दांड्याच्या जाळीदार दाताळ्याने कोळी तळ खरवडतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेलं त्यांचं सार प्या, रात्रीची थंडी उतरते.

---

सावनी_पुणे

अहो, मी एक साधा प्रश्न विचारला होता! दोनदा वाचला धागा. चिरंजीव मोबाइल सोडत नाहीत, भट्टीवाल्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत. त्याचा प्रश्न: तिथून तलवार आणता येईल का? माझं उत्तर देऊन झालंय, पण त्याला 'जाणकारांकडून' हवंय.

---

योकोहामाकाकू

चिरंजीव, नाही.

जपानात खऱ्या तलवारीला नोंदणीचा कागद लागतो, देशाबाहेर न्यायची तर सांस्कृतिक खात्याची परवानगी. नवी तलवार काही लाखांपासून पुढे, रुपयांत. कारागिरालाही बंधनं आहेत. पाचएक वर्षं उमेदवारी, मग परीक्षा, आणि महिन्याला ठरावीकच तलवारी. घडवणारा वेगळा, दगडावर घासून झळाळी देणारा वेगळा, म्यान करणारा वेगळा. आणि भारतात उतरल्यावर कस्टम्स आणि शस्त्र कायदा आहेच.

त्याऐवजी आईला सुरी घ्यायला सांग. मात्सुएच्या पूर्वेला यासुगी गाव आहे. ताताराच्याच परंपरेतून पुढे आलेलं, स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी नावाजलेलं शिरोगामी आणि आओगामी पोलाद तिथलं. सामान चेक-इनमध्ये टाकायचं, हातात नाही. आणि लिंबू कापलं की लगेच पुसायची, गंजते.

---

हौशी_दगडू

सामुराईचा शेवट कांदा कापण्यात. बरोबरच आहे, १८७६ मध्ये कमरेला तलवार लावायला बंदी आली तेव्हा बिचाऱ्यांनी काय केलं असेल!

---

सह्यभटक्या

काय काय केलं. कुणी शिक्षक, कुणी पोलीस, पुष्कळजण कंगाल. जपानवर लिहिणारा लेखक लाफ्काडिओ हर्न १८९० मध्ये इंग्रजी शिकवायला मात्सुएला आला आणि त्याचं लग्न झालं ते सेत्सुशी, गरिबीला लागलेल्या सामुराई घरातली मुलगी. खंदकाच्या उत्तरेला जुन्या सामुराई घरांची ओळ आहे, त्याचं घरही तिथेच.

त्यानेच नोंदवलेली एक आख्यायिका: किल्ला बांधताना नाचायची आवड असलेल्या एका मुलीला भिंतीखाली जिवंत पुरलं. त्यानंतर गावात कुणी मुलगी नाचली की अख्खा किल्ला थरथरायचा, म्हणून मात्सुएत रस्त्यावर नाचायला बंदी. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची कथा ऐकलेल्याला हे वाचून चर्रर्र होतं. बुरूज उभा राहीना म्हणून नवऱ्या-बायकोला पायात गाडलं, तीच गोष्ट. फरक एवढाच की पुरंदरच्या कथेत कुणी नाचत नाही.

---

तर्कट

म्हणजे दगड रचणाऱ्यांना सगळीकडे एकच भीती.

असो. मूळ प्रश्नाकडे वळू. सावनीताईंना फेब्रुवारीत जायचंय. ताताराची भट्टी प्रत्यक्ष चालताना बघता येते का? नसेल तर एवढं पुराण ऐकवून पोराला डोंगरात नेऊन काय दाखवणार?

---

भट्टीवाला_कोल्हापूर

चालू भट्टी सर्वसाधारण पर्यटकाला बघायला मिळत नाही. पण ओकुइझुमोत ताताराचं आणि तलवारींचं संग्रहालय आहे, तिथं भट्टीचा कापलेला छेद खऱ्या आकारात मांडलाय. जमिनीखालचं ते सगळं थरांचं बांधकाम दिसतं. ठरावीक दिवशी तलवार घडवण्याचं प्रात्यक्षिक असतं, तारखा आधी बघून ठेवा. तिकडं जाणाऱ्या किसुकी रेल्वेमार्गावरच्या गाड्या थोड्या आणि डोंगरात बर्फ, त्यामुळं वेळापत्रक हातात हवं. ओरोचीच्या नावाची पर्यटकगाडी धावायची, ती २०२३ मध्ये बंद झाली. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर डोंगराचा नाद सोडा आणि यासुगीचं वाको संग्रहालय बघा. ते मात्सुएहून रेल्वेनं जवळ आहे आणि सगळा विषय ताताराचाच आहे.

---

योकोहामाकाकू

मी असं करेन: ओसाकाहून ओकायामापर्यंत शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन), तिथून याकुमो एक्स्प्रेस. मात्सुएत दोन रात्री. पहिल्या दिवशी किल्ला, होडी, संध्याकाळी सरोवराकाठी सूर्यास्त (ढग नसले तर, आणि त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ढग असतातच). दुसऱ्या दिवशी यासुगी. परतताना ओकायामाला उतरून बिझेन ओसाफुनेचं तलवार संग्रहालय. तिथे कारागीर काम करताना दिसायची शक्यता जास्त. म्हणजे पोलाद कुठे निघतं ते एकीकडे आणि त्याचं काय होतं ते दुसरीकडे, एकाच वाटेवर.

पुण्याच्या असाल तर ओकायामाचं कोराकुएन बघून हसू येईल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच्याच धर्तीवर केलंय.

---

सावनी_पुणे

ठरलं! मात्सुएत दोन रात्री, यासुगी, परतताना ओसाफुने. दादाला सांगितलं, त्याने 'मग हिकोने रद्द?' असं तीनदा विचारलं. हिकोनेला तो आणि वहिनी आम्ही पुण्याला परतल्यावर जाणार आहेत म्हणे.

दोन शंका उरल्या. वहिनी शाकाहारी आहेत, त्यांचं तिथे कसं होईल? आणि मला गाडी लागते. याकुमो घाटातून जाते असं वाचलं.

---

खादाडखाऊ

शिजिमीचं सार गेलं मग. इझुमोची सोबा (कुट्टूच्या पिठाच्या शेवया) प्रसिद्ध आहे, तीन लाकडी डब्यांत थंड येते, पण वरून घालायच्या रसात मासे असतातच. विचारून, रस बाजूला ठेवून खाता येईल, मजा येणार नाही. क्योतोहून काही बांधून न्या. मिठाई मात्र भात, साखर आणि डाळीची, तिच्यावर दोन दिवस निघतील.

---

योकोहामाकाकू

याकुमोच्या जुन्या डुलणाऱ्या गाड्यांत पुष्कळांना लागायची. २०२४ मध्ये नव्या गाड्या आल्या, आता बराच फरक आहे. तरी वळणं आहेत. खिडकीशी बस, मोबाइल बघू नकोस आणि गोळी ओकायामाला चढायच्या आधी घे, चढल्यावर नाही. आरक्षण दादाला आत्ताच करायला सांग.